थालीपीठात रातकिड्याची पावडर आणि माळकरी सासूबाई

ताई, आम्ही बरीच वर्षं नेदरलँड्समध्ये आहोत, आयंडहोवनला. मुलगा सतरा वर्षांचा, जिमचं वेड आहेच, त्यात शाळेत क्लायमेटवरच्या डिबेटमध्ये भाग घेतला तेव्हापासून त्याने बीफ चिकन सगळं सोडलं आणि ऑनलाइन क्रिकेट पावडर मागवली, म्हणजे रातकिडे सुकवून केलेलं पीठ. दुधात घालून पीत होता तोवर मी काही बोलले नाही. पण गेल्या आठवड्यात त्याने ती पावडर भाजणीच्या डब्यात मिसळली, सगळ्यांनाच प्रोटीन मिळेल म्हणून, आणि कोणाला सांगितलं नाही. सासूबाई आल्यात साताऱ्याहून, माळकरी आहेत, त्यांनी त्याच भाजणीची थालीपीठं खाल्ली आणि मग हा जेवताना हसत हसत बोलून गेला. तेव्हापासून त्या आमच्या स्वयंपाकघरातलं काही खात नाहीत, फळं आणि सीलबंद दूध एवढंच. वर हा त्यांना म्हणतो, आजी तू पैठणी नेसतेस त्यात किती किडे मेले ते मोज. नवरा तिसऱ्याच दुनियेत, त्याला व्हॉट्सअपवर आलंय की युरोपात सगळ्या ब्रेडमध्ये किडे मिसळायला परवानगी मिळालीय, म्हणून तो म्हणतो आपण तर रोजच खातोय, त्यात काय एवढं. (त्याला तशी कोळंबीसुद्धा चालत नाही, खाल्ली की अंगावर गांधी उठतात.) मी मुलाला हे बंद कर म्हणून सांगू का? हे खरंच चांगलं असतं का? आणि सासूबाईंचं काय करू?
– मधल्या मध्ये अडकलेली

अगं अडकलेले, तुझ्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तू कंसात टाकलीयस. नवऱ्याला कोळंबी चालत नाही. सासूबाई रुसल्यात, मुलगा हेका सोडत नाहीये, हे दोन-चार दिवस थांबू शकतं, हे मात्र थांबणार नाही. त्यामुळे आधी ती भाजणी फेकून दे. साताऱ्याहून आणलेली, सासूबाईंनी स्वतः भाजून दळून दिलेली वगैरे मनात येईल, येऊ दे, तरी फेक. आणि डबा, चाळणी, परात, तवा सगळं साबणाने गरम पाण्याने घासून घे.

कारण सांगते. रातकिडे, टोळ, अळ्या हे सगळे कोळंबी-खेकड्यांचे लांबचे भाऊबंद आहेत. दोघांच्याही स्नायूंमध्ये ट्रोपोमायोसिन नावाचं प्रोटीन असतं आणि ते एकमेकांशी इतकं मिळतंजुळतं असतं की ज्याच्या शरीराला कोळंबीतलं सोसत नाही त्याला रातकिड्यातलंही सोसणार नाही अशी दाट शक्यता असते. भाजलं, तळलं, थालीपीठ खरपूस केलं म्हणून ते जात नाही. धुळीतल्या बारीक माइट्सची ज्यांना अ‍ॅलर्जी असते त्यांनाही हा त्रास होऊ शकतो. म्हणूनच तुमच्या तिकडच्या कायद्याने या पाकिटांवर कोळंबी-खेकडे, शिंपले आणि धुळीतले माइट्स या तिन्हींच्या अ‍ॅलर्जीची सूचना छापावीच लागते. मुलाकडून ते पाकीट घे आणि मागची बारीक अक्षरं नवऱ्यालाच मोठ्याने वाचायला लाव.

नवऱ्याने ती थालीपीठं खाल्ली का, खाऊन काय झालं, हे तू लिहिलंच नाहीस. खाल्ली आणि काही झालं नाही तरी सुटलो असं समजू नका, पावडर त्या घासात कमी आली असेल, किंवा शरीर पहिल्यांदा गप्प बसून पुढच्या वेळी हिसका दाखवेल. हाउसआर्ट्सची, म्हणजे तुमच्या फॅमिली डॉक्टरची, अपॉइंटमेंट घ्या आणि अ‍ॅलर्जी टेस्ट मागा. तिकडचे डॉक्टर आधी पॅरासिटामॉल घ्या आणि वाट बघा म्हणतात हे मला माहितीये, तिकडे राहणाऱ्या सगळ्यांचीच ती रड आहे, पण कोळंबीने गांधी उठतात असं स्पष्ट सांगितलंत तर ऐकतील. आणि कधी ओठ-जीभ सुजली, घसा आवळला, श्वास लागला तर अपॉइंटमेंटची वाट न बघता सरळ ११२. मुलाला कोळंबी चालते का हेही बघून ठेव, बापाची सवय लेकाला लागली नसेल असं काही सांगता येत नाही.

आता त्याच नवऱ्याचा फॉरवर्ड. त्यात खरं एवढंच आहे की युरोपियन युनियनने काही ठरावीक किडे अन्न म्हणून विकायला परवानगी दिलीय. २०२१ मध्ये मीलवर्म नावाची पिवळी अळी आणि वर्षाच्या शेवटी टोळ, २०२२ मध्ये रातकिडा, २०२३ मध्ये रातकिड्याची तेल काढलेली पावडर आणि त्या अळीची छोटी चुलत बहीण. २०२५ च्या जानेवारीत आणखी एक झालं, अतिनील किरणांखाली ठेवलेली मीलवर्मची पावडर ब्रेडमध्ये घालायला मुभा मिळाली, शंभर ग्रॅमला फार तर चार ग्रॅम, आणि बहुतेक ही चार टक्क्यांचीच बातमी फिरत फिरत तुमच्या फॅमिली ग्रुपवर ‘सगळ्या ब्रेडमध्ये’ होऊन पोचली असणार. परवानगी म्हणजे सक्ती नाही आणि गुपचूप तर मुळीच नाही, घातलं की त्या किड्याचं लॅटिन नाव घटकांच्या यादीत आलंच पाहिजे. आणि जरा धंद्याच्या डोक्याने विचार करायला सांग त्याला. रातकिड्याची पावडर गव्हाच्या पिठाच्या कितीतरी पट महाग पडते. भेसळवाला दुधात पाणी घालतो, पाण्यात दूध घालणारा अजून जन्माला यायचाय.

‘आपण रोजच खातोय’ हे मात्र वेगळ्या अर्थाने खोटं नाही. अमेरिकेच्या अन्न खात्याचा नियम असा आहे की गव्हाच्या ५० ग्रॅम पिठात सरासरी ७५ किंवा जास्त किड्यांचे तुकडे सापडले तरच कारवाई, त्याच्या आत असेल तर पीठ चांगलं. जिथे धान्य पिकतं, साठवलं जातं आणि दळलं जातं तिथे हे येणारच, सोंडे-टोके काय पासपोर्ट बघून येत नाहीत. (हा परिच्छेद सासूबाईंना वाचून दाखवू नकोस. निदान या महिन्यात नको.)

आता लेकाकडे येऊ. त्याच्या हेतूबद्दल मला शंका नाही, सतराव्या वर्षी जग वाचवायचं असतं आणि ते आजच्या आज वाचवायचं असतं, त्यात आजीच्या हाडांनाही प्रोटीन मिळालं तर बरंच की, असं त्याला मनापासून वाटलं असेल. पण त्याने जे केलं ते किडे खायला घालण्याच्याही आधीचं आहे. आजीने माळ घातलीय म्हणजे तिने एक शब्द दिलेला आहे, कित्येक वर्षं पाळलेला, वारीत, लग्नकार्यात, दुखण्यात, लोकांनी आग्रह केला तरी पाळलेला, आणि तो तिच्या नकळत तिच्याच नातवाने तिच्याच ताटात मोडला. पावडर किड्यांची होती का अंड्याची होती याने फरक पडत नाही. उद्या कोणी याच्या सॅलडमध्ये गुपचूप बीफ टाकलं आणि ‘अरे आयर्न मिळालं ना तुला’ म्हणालं तर याला कसं वाटेल ते त्याला विचार, हा मुलगा डिबेटवाला आहे, त्याला हा मुद्दा लगेच कळेल.

आणि तो पैठणीचा टोमणा. मुद्दा म्हणून खरा आहे बरं का, त्याला खोटं पाडायला जाऊ नकोस. रेशमाचे कोष गरम वाफेत किंवा पाण्यात घालतात, आतला जीव जातो, एका साडीला हजारो कोष लागतात, आणि आपण तर सोवळ्याला म्हणून मुद्दाम रेशीम वापरत आलो. पंचामृतात मध आहे. गोळ्या-चॉकलेटवरची चकाकी कित्येकदा लाखेची असते, लाख म्हणजेही किड्याचीच देणगी. वाद जिंकायचा असेल तर त्याने तो जिंकलाय, द्या त्याला कप. पण आजी वादात उतरलीच नव्हती. तिने कोणाला अंडं खाऊ नको म्हटलं नाही, तुमच्याकडे फ्रीजमध्ये चिकन असायचं तेव्हाही येऊन राहिलीच असेल, फक्त स्वतःच्या ताटापुरतं तिने काहीतरी ठरवलंय आणि त्याची कारणं तिला लॉजिकने सिद्ध करायची नाहीयेत.

तर माफी त्याने मागायची, तू नाही. तू मध्ये पडून ‘अहो आई, लहान आहे तो’ केलंस तर ते तिथेच संपेल आणि आत धुमसत राहील. त्याने एकट्याने त्यांच्यासमोर बसायचं आणि सांगायचं की मी तुला न विचारता केलं, परत करणार नाही. त्यात ‘पण’ नको, प्रोटीन नको, क्लायमेट नको. मग त्यांना जे करायचंय ते करू दे, एखादी एकादशी जास्तीची धरतील, पंढरपूरला त्यांच्या महाराजांना फोन लावतील. लावून द्या व्हिडिओ कॉल. नकळत घडलेल्याचा दोष लागत नाही असं ते सांगतील असा माझा अंदाज आहे, आणि ते त्यांच्या तोंडून आलं तर सासूबाईंना पटेल, तुझ्या-माझ्या तोंडून नाही. नवी भाजणी त्यांच्या देखरेखीखाली होऊ दे, तिकडे एशियन किंवा इंडियन दुकानात डाळी, धणे, ज्वारी सगळं मिळतं, मिक्सर नवा आणायची गरज नाही, पण एक तवा आणि एक परात त्यांच्यासाठी वेगळी काढ, न बोलता काढ. स्वयंपाकघरात परत येण्यासाठी त्यांना स्वतःची एक जागा लागणार आहे.

बरं, हे खरंच चांगलं असतं का. याला जरा सविस्तर उत्तर देते कारण लेक तुझ्याशी याच मुद्द्यावर भांडणार आहे आणि त्याच्याकडे आकडे आहेत.

पहिला आकडा प्रोटीनचा. या पाकिटांवर लिहिलेलं असतं की बीफच्या दुप्पट-तिप्पट प्रोटीन. ही तुलना कोरड्या पावडरीची ओल्या मांसाशी केलेली असते. पाणी काढून टाकलं की कशाचाही आकडा फुगतो, सुकटीचाही फुगतो. ताजा रातकिडा घेतला तर शंभर ग्रॅममागे साधारण वीस ग्रॅम प्रोटीन, म्हणजे चिकनच्या आसपासच, वाईट काहीच नाही पण चमत्कारही नाही. दुसरी गंमत अशी की प्रोटीन थेट मोजत नाहीत, नायट्रोजन मोजतात आणि त्याला ६.२५ ने गुणतात. किड्याच्या कवचात कायटिन असतं, त्यातही नायट्रोजन असतो, आणि तो प्रोटीन म्हणून मोजला जातो. तुमच्याच देशातल्या वाखेनिंगेन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये तीन प्रकारच्या अळ्या तपासून सांगितलं की ६.२५ ऐवजी ४.७६ घ्या, म्हणजे जवळपास चौथा हिस्सा कमी. रातकिड्याचा गुणक थोडा वेगळा असेल पण दिशा तीच. आणि आपल्या सोया चंक्सच्या पाकिटावर ५२ ग्रॅम लिहिलेलं असतं, किंमत तू दोन्हीची शेजारी ठेवून बघ. रातकिड्यात बी-१२ असतं, लोह असतं, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं, पूर्ण शाकाहारी माणसाला त्याचा उपयोग होऊ शकला असता. पण तुझा मुलगा दूध पितो, अंडी खात असेल, तिकडे क्वार्कचे, म्हणजे चक्क्यासारख्या मऊ चीजचे, डबे जागोजागी मिळतात, जिममध्ये जाणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलाला एवढ्यावर भरपूर होतं.

दुसरा आकडा तो पर्यावरणाचा काढेल आणि तो आकडा खरा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेने २०१३ मध्ये खाण्याच्या किड्यांवर मोठा रिपोर्ट काढला, ही सगळी चर्चा जोरात सुरू झाली ती तिथून. त्यात आहे की तेवढंच प्रोटीन तयार करायला रातकिड्याला गाईगुरांच्या बारा पट कमी खाद्य लागतं. छान. पण त्याच वाक्यात पुढे आहे की डुक्कर आणि कोंबडीच्या तुलनेत निम्मं लागतं, तो पुढचा भाग डिबेटमध्ये कोणी म्हणत नाही. आणि डाळीला? डाळीला खाद्य लागतच नाही, ती स्वतःच ते आहे.

म्हणून मी कोणी मला हा प्रश्न विचारला की एकच उलटा प्रश्न विचारते, कशाच्या ऐवजी? रोज स्टेक आणि हॅम्बर्गर खाणारा माणूस त्याऐवजी रातकिडे खायला लागला तर पृथ्वीला नक्की फायदा आहे, मी टाळ्या वाजवीन. पण तुमच्या घरात काय होतंय ते बघ. बीफ-चिकन त्याने आधीच सोडलंय. ते सोडलं तेव्हाच जो काही फायदा व्हायचा तो झाला. आता ती पावडर कशाची जागा घेतेय? मुगाच्या उसळीची, आमटीची, आजीच्या भाजणीतल्या उडीद-हरभऱ्याची. म्हणजे एक पायरी खाली उतरून परत एक पायरी वर चढल्यासारखं झालं, कारण तो रातकिडा हवा खाऊन मोठा होत नाही, फार्मवर त्याला कोंबडीच्या खाद्यासारखंच धान्य आणि सोया घालतात. लोकांना वाटतं की किड्यांना उरलंसुरलं, भाज्यांची देठं, हॉटेलातलं खरकटं घालायचं आणि त्यातून प्रोटीन काढायचं. कल्पना फार सुंदर आहे, पण युरोपात पाळलेला किडा कायद्याने पाळीव जनावरात मोडतो आणि त्याला खरकटं घालायला बंदी आहे. शिवाय रातकिड्याला तीस अंशांच्या आसपास ऊब लागते, थायलंडमध्ये ती फुकट मिळते (तिथे वीस हजारांच्या आसपास रातकिडा फार्म असल्याचं त्या २०१३ च्याच सुमाराला नोंदलंय, चांगला जोडधंदा आहे तो खेड्यातला), नेदरलँड्समध्ये जानेवारीत मात्र हीटर लावून ती विकत घ्यावी लागते.

धंद्याचीही अवस्था लेकाला वाटते तशी नाही. फ्रान्समध्ये यिन्सेक्ट म्हणून कंपनी होती, आमिआँजवळ प्रचंड कारखाना, गुंतवणूकदारांनी पैसा ओतला, आणि २०२४ मध्ये त्यांना कोर्टाचं संरक्षण मागायची वेळ आली. आणि या क्षेत्रातला बराचसा माल माणसाच्या ताटात जातच नाही, मासे, कोंबड्या आणि कुत्र्या-मांजरांच्या खाद्यात जातो. त्यात मला काही वाईट दिसत नाही, समुद्रातले छोटे मासे ओरबाडून माशांचं खाद्य करण्यापेक्षा अळ्या बऱ्याच. पण मग ‘मांसाला पर्याय’ ही पाटी खाली घ्या ना, आणि ‘मांसाचं खाद्य’ म्हणून नवी लावा.

एक गोष्ट त्याला डिबेटमध्ये कोणी विचारली नसेल. एका गाईच्या जिवात किती जेवणं होतात आणि एक किलो रातकिड्यांत जीव किती. हजाराच्या वर. त्यांना दुखतं का, याचं पक्कं उत्तर अजून विज्ञानाकडे नाही. ब्रिटनने २०२२ मध्ये प्राण्यांच्या संवेदनांचा कायदा केला त्यात खेकडे, शेवंड, ऑक्टोपस घेतले, किडे घेतले नाहीत. क्लायमेटवाल्याला याने फरक पडणार नाही, ठीक आहे, पण आजीच्या हिशोबात जीव हा जीव असतो, किलोवर मोजत नाहीत, आणि तो हिशोब अडाणीपणाचा नाही हे त्याला एकदा स्वच्छ सांग.

हे सगळं वाचून तुला वाटेल की मी किड्यांच्या विरोधात आहे. नाही गं. मला या वादातली दोन्ही टोकाची मंडळी नकोशी होतात. इटलीत २०२३ मध्ये शेतीमंत्री लोलोब्रिजिदांनी किड्यांच्या पिठाचं वेगळं लेबल, वेगळं शेल्फ आणि पास्ता-पिझ्झ्यात ते वापरायला बंदी असे हुकूम काढायची घोषणा केली, जणू काही रोमवर टोळधाडच आली होती. पोलंडमध्ये त्याच वर्षी निवडणुकीच्या आधी ‘हे लोक तुम्हाला मांसाऐवजी किडे खायला लावतील’ यावर पुढारी एकमेकांवर तुटून पडले, आणि कारण काय तर शहरांनी मांस कमी खावं का यावरचा एक जुना अहवाल. लोकांच्या ताटाची भीती घातली की मतं मिळतात, हे आपल्याला काही पोलंडकडून शिकायला नको. आणि दुसऱ्या टोकाला तुझ्या लेकासारखे, ज्यांना वाटतं की किळस येणारा माणूस म्हणजे मागास.

किळस ज्याची त्याची असते. बस्तरच्या आठवडी बाजारात पानाच्या द्रोणात लाल मुंग्या मिळतात, पानं एकमेकांना शिवून झाडावर घरटी करणाऱ्या, कोकणात आपण ओंबील म्हणतो त्याच, त्यांची मिरची-मीठ घालून वाटलेली आंबट चटणी गोंड-माडिया लोक चवीने खातात. ओडिशातल्या मयूरभंजच्या त्याच मुंग्यांच्या काई चटणीला २०२४ च्या जानेवारीत जीआय मानांकन मिळालं, आपल्या हापूसला आहे तेच. आसाममध्ये एरी रेशमाच्या कोषातून काढलेली अळी फेकत नाहीत, ती जेवणात येते. नागालँडच्या बाजारात गांधीलमाशीच्या अळ्या मांसापेक्षा महाग असतात कधी कधी. जगात दोनशे कोटी लोक किडे खातात हा आकडा तुझा मुलगा सांगेल, तो त्या २०१३ च्या रिपोर्टातला आहे आणि तो फारच फुगलेला आहे असं त्याच विषयातल्या संशोधकांनी नंतर मांडलंय, पण आकडा निम्मा काय, पाव धरला तरी खाणारे खूप आहेत. ते कोणी पृथ्वी वाचवायला खात नाहीत. त्यांना आवडतं, जंगलात मिळतं, आईने करून घातलेलं असतं म्हणून खातात. तेच खाणं आपल्याकडे पुण्या-मुंबईत सांगितलं की लोक नाक मुरडतात, आणि डच भाषेत चकचकीत पाकिटात आलं की ‘सस्टेनेबल’ होतं, याचा मला राग येतो, आणि हा राग तुझ्या मुलालाही यायला हवा.

आणि त्याला एक कडक सूचना दे. सुट्टीत भारतात येईल तेव्हा गवतातले नाकतोडे किंवा टोळ पकडून भाजायचा उत्साह नको. २०२० च्या मे महिन्यात विदर्भात टोळधाड आली, अमरावती-नागपूरकडे, तेव्हा रात्री-अपरात्री झाडांवर कीटकनाशकाचे फवारे मारले होते. शेतातला किडा काय खाऊन आणि काय अंगावर घेऊन आलाय ते त्यालाही माहीत नसतं. खायचाच तर पाळलेला, पाकिटावर नाव-गाव असलेला.

तर बंद कर म्हणून सांगू का, याचं माझं उत्तर नको असं आहे. सतराव्या वर्षी बंदी घातलीस तर तो दप्तरात घेऊन फिरेल आणि वर स्वतःला क्रांतिकारक समजेल. अटी घाल. पावडर त्याच्या खोलीत, झाकण घट्ट, शेकर त्याचा, चमचा त्याचा, धुणं त्याचं. घरातल्या कुठल्याही डब्यात, पिठात, वाटणात ती जाणार नाही, आणि हा नियम मोडला तर मात्र पाकीट कचऱ्यात, यावर चर्चा नाही कारण प्रश्न बापाच्या तब्येतीचा आहे. पैसे त्याच्या पॉकेटमनीतून. आणि एक काम त्याच्यावर टाक, महिनाभर घरात मांस किती आलं, चीज किती आलं, किती अन्न फेकलं गेलं, कोणती भाजी विमानाने आली, याचा हिशोब त्याने लिहायचा आणि त्यातून काय कमी करता येईल ते घरच्यांना सांगायचं. क्लायमेटची खरी आच असेल तर तो ते करेल, आणि मला वाटतं त्याला त्यात पावडरीपेक्षा जास्त मजा येईल, कारण त्यात बाबांना चार गोष्टी सुनावता येतात, बाबांचं चीज कमी करता येतं.

पहिलं पाकीट संपेपर्यंत थांब. दुसरं स्वतःच्या पैशाने मागवायची वेळ येईल तेव्हा बघू, माझा अंदाज आहे की तो सोया चंक्सवर येईल.